ब्रेवाँच्या चढावर मोडलेली घोडागाडी

मी एक जुनी, चार चाकांची, वरून उघडी घोडागाडी आहे. मित्रांनो, आज माझा हिरवा रंग उडाला आहे, पण एके काळी सुट्टीला आलेली माणसे मी शांपेन प्रांताच्या द्राक्षमळ्यांतून सत्तावीस वर्षे हिंडवली.

आंतेल्म नावाच्या सुताराने मला घडवले. लोखंडी धाव लालबुंद तापवून त्याने माझ्या चाकावर चढवली आणि वर बादलीभर पाणी ओतले, तेव्हा मी पहिल्यांदा किंचाळले. दुसऱ्यांदा किंचाळले ती ब्रेवाँ गावाच्या चढावर. त्याचीच ही हकिगत.

माझी मालकीण ओदील ही विधवा बाई होती. माझी घोडी मिराबेल, करड्या रंगाची आणि हट्टी. ओदील पाहुण्यांना म्हणायची, "घाई असेल तर आगगाडीनं जा. माझी घोडी फुलं बघत चालते."

त्या एप्रिलात लील शहरातून थेओफिल लर्मे नावाचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी क्लेमांसबाई असे दोघे आले. तीस वर्षांत त्यांची ही पहिलीच सुट्टी. जुने चर्च दिसले की मास्तर उतरत आणि दगडावरची अक्षरे बोटाने वाचत. दुपारी अक्रोडाखाली पाव आणि चीज खाऊन दोघेही माझ्याच गादीवर डुलक्या घेत. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी वाटेतल्या एका गावात देल्वो नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून त्याच्या शिक्क्याची, वाइनच्या सहा बाटल्यांची टोपली घेतली. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही ब्रेवाँच्या चढावरच्या वेशीत शिरलो, आणि मिराबेल जागीच थबकली.

समोर द्राक्षे पिकवणारी तीनशे माणसे होती. हातांत छाटणीचे कोयते, कुदळी, कुऱ्हाडी. देल्वो दक्षिणेकडची स्वस्त वाइन आगगाडीने आणून तिच्यावर इथल्या गावांची नावे डकवत होता, आणि इथली द्राक्षे वेलीवर सडत होती. सकाळी लोकांनी त्याचे ब्रेवाँमधले तळघर फोडले होते. पिंपे बाहेर ओढून त्यांवर घाव घालणे चालले होते. वाइन माझ्या चाकांभोवती घोटाभर चढली. तळघरावरच्या मजल्यावरून एक कपाट खाली आले आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

गर्दीतून ओदीलचा धाकटा भाऊ फिर्मँ पुढे आला.

"ताई, कुणाला बसवून आणलंयस?"

"सुट्टीला आलेले मास्तर आहेत. बाजूला हो."

"मास्तर? मग ही देल्वोच्या शिक्क्याची टोपली काय फळ्यावर लिहायला आणली?"

कोणी तरी ओरडले, "देल्वोचा माणूस आहे हा!"

फिर्मँने मास्तरांना कॉलर धरून खाली ओढले. पहिल्या ठोशात त्यांचे नाक मोडले. तो आवाज मी ऐकला. ते वाइनमध्ये पालथे पडले, तरी लाथा थांबेनात. क्लेमांसबाई छत्रीने दिसेल त्याला झोडपू लागल्या. तेवढ्यात ओदीलचा चाबूक कडाडला आणि फिर्मँच्या गालावर रक्ताची रेघ उमटली.

"माझ्या गाडीतल्या माणसाला हात लावतोस? आई असती तर तुझं थोबाड रंगवलं असतं!"

"ती असती तर कुऱ्हाड घेऊन माझ्या शेजारी उभी असती!" फिर्मँ ओरडला.

इतक्यात चढाखालून घोडेस्वार सैनिक दिसले. त्यांना अडवायला लोकांनी वरून भरलेले पिंप सोडले. ते उसळत आले, पण सैनिकांपर्यंत पोचलेच नाही. मिराबेलच्या पुढच्या पायांवर आदळले. दोन्ही पाय मोडले. ती कोसळली तसा माझा एक दांडा कडकन तुटला आणि मी किंचाळले. तिची धडपड ओदीलला बघवेना. "सोडवा रे तिला कुणी तरी," ती म्हणाली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने टोपी काढली आणि कुऱ्हाडीच्या एकाच घावात तिला सोडवले.

मग सैनिक आले. तलवारींची पाती खांद्यांवर, डोक्यांवर पडत होती. फिर्मँ त्यांच्यावर धावून गेला आणि घोड्यांच्या टापांखाली सापडला. घोडे पुढे गेले तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता.

डॉक्टर खालच्या गावात, तासाभराच्या वाटेवर. ओदीलने भावाला उचलायचा प्रयत्न केला. जमेना. तेव्हा मास्तर उठले. तोंड रक्ताने माखलेले, एक डोळा बंद. त्यांनी फिर्मँला काखेत धरून माझ्या गादीवर ठेवले, मोडक्या दांड्याला दोर बांधला आणि स्वतः घोडीच्या जागी उभे राहिले. शेजारी ओदील. क्लेमांसबाईंनी ब्रेक धरला.

वाटेत फिर्मँ कण्हत म्हणाला, "मास्तर, मला इथंच टाका. मी तुम्हाला मारलं."

"माहीत आहे," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आता गप्प पड. तू बोलतोस तेव्हा आणखी जड होतोस."

डॉक्टरांनी पाय कापला, पण जीव वाचला. उरलेली सुट्टी सोडून लर्मे पतीपत्नी दुसऱ्या सकाळी आगगाडीने घरी गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

फिर्मँ सहा महिने तुरुंगात होता. सुटल्यावर बहिणीशी तो बोलेना, तीही त्याच्याशी बोलेना. एके दिवशी कुबड्यांवर अंगणात आला, माझ्यापाशी जमिनीवर बसला आणि दिवसभर तासून त्याने नवा दांडा बसवला. जाताना एवढेच म्हणाला, "ताई, मागची धाव सैल झालीय." ओदीलने त्याला सूप वाढले.

पुढे मोटारी आल्या, ओदील आणि फिर्मँ दोघेही वारले, आणि माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. आता मी एका वाइनच्या दुकानापुढे कुंड्या घेऊन उभी असते. वाटाड्या सांगतो, इथे रस्त्यात वाइनचे पाट वाहिले होते. पाहुणे हसतात आणि माझ्यात बसून फोटो काढतात. बसा, मित्रांनो, मला आवडते. फक्त त्या कुंड्यांचे पाणी माझ्या चाकांवर मुरू देऊ नका, आणि वर्षातून एकदा माझ्या आसाला वंगण घाला. ज्याने आपल्याला मारले, त्यालाही कधी तरी डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि तेव्हा गाडी चालावी लागते.