अम्मियासाठी थांबलेली पंगत

“माशाला हात लावायचा नाही! अम्मिया आल्याशिवाय कुणीही जेवायचं नाही,” मी ल्यूकॉनला ठणकावलं. घर त्याचं, जेवण त्याचं, आणि दम देणारी मी कोण? शिडं शिवून पोट भरणारी विधवा. पण प्रभूच्या जेवणात कोण मोठा नि कोण धाकटा? करिंथ शहरात आम्ही सगळे ख्रिस्ती असंच म्हणायचो.

नुसतं म्हणायचोच. अम्मिया कापड रंगवायच्या कारखान्यातली गुलाम बाई. दिवस मावळल्याशिवाय मालक तिला सोडायचा नाही. ती येईपर्यंत बडी मंडळी जेवून हात धुऊन मोकळी. मग बिचारी अंगणात एकटीच बसून उरलंसुरलं खायची. एकदा कुणीतरी बोललंसुद्धा, “बाई, घरून खाऊन येत जा ना!” मेल्यांनो, घर कुठलं आलंय तिला?

आता मालकानं तिला इफिसच्या व्यापाऱ्याला विकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गलबत सुटणार होतं. “जाण्याआधी एकदा सगळ्यांच्या पंगतीला बसायचंय, मावशी,” एवढंच ती मला म्हणाली होती. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही थांबलो. लाजेनं कुणी तोंडही उघडेना. मासे गार झाले. अम्मिया काही आली नाही.

सकाळी फडक्यात भाकर बांधून मी किंख्रियाच्या बंदरावर धावले. ती धक्क्यावर बसली होती.

“अगं भवाने, काल आली का नाहीस?”

“आले होते की. दारापर्यंत आले. आत सामसूम. रोज केवढा गलका असतो! म्हटलं, आटोपून गेले सगळे. मग तशीच परत फिरले.”

“अगं, आम्ही थांबलो होतो! तुझ्यासाठी! कुणी घासही घेतला नव्हता.”

“ल्यूकॉनसुद्धा?”

“त्याच्या पोटात तर कावळे ओरडत होते.”

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. “आणखी कोण होतं?”

“फिलिन्ना होती. तिचा नवरा. कुंभार मीकॉन. म्हातारी एऊतुखिया...”

“पुन्हा सांग.”

तेवढ्यात खलाशी तिच्यावर खेकसला. भाकर छातीशी धरून ती फळीवरून चढून गेली. गलबत हललं. मी धक्क्यावर उभी राहून एकेक नाव ओरडून सांगत होते, आणि ती कानामागे हात धरून ऐकत होती. मग वारा फिरला आणि माझा आवाज माझ्याच तोंडावर परत यायला लागला. तिचा हात तसाच कानामागे होता.