बर्फाच्या खोलीतला उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. खरं सांगायचं तर आता पूर्ण टायरही उरलेलो नाही. चार बोटं रुंद आणि पाऊलभर लांब असा माझा एक तुकडा तेवढा शिल्लक आहे आणि तो ओमानमध्ये एका घरात मानाने राहतो. तुकड्याला कसला आलाय मान, असं तुमच्या मनात आलं असेल. म्हणूनच सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म जपानच्या उत्तर भागात झाला. तिथे हिवाळ्यात रस्ते गोठून काचेसारखे गुळगुळीत होतात. त्यावर गाडी घसरू नये म्हणून कारखान्यात माझ्या अंगभर बारीक लोखंडी खिळे बसवले होते. मी एका पोस्टमनच्या गाडीला लागलो. खिळे बर्फात रोवत मी असा ऐटीत चालायचो की विचारू नका! उतारावरून सुखरूप खाली आलो की पोस्टमन खाली वाकून मला थोपटायचा.

पण रस्त्यावर बर्फ नसला की माझे खिळे डांबरच खरवडत. त्याची धूळ उडे आणि माणसं खोकून बेजार होत. शेवटी तिथल्या सरकारने खिळ्यांच्या टायरांवर बंदी आणली. माझ्या जागी बिनखिळ्यांचे टायर आले. मऊ रबर आणि त्यावर केसासारख्या बारीक चिरा, बस्स. तेवढ्यावर हे बर्फात चालणार म्हणे! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धुळीची चूक माझीच होती, हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मग दोन वर्षं गोदामात काढल्यावर जुन्या टायरांच्या कंटेनरमधून माझी रवानगी झाली. १९९३ साली मी मस्कतला उतरलो आणि वादी अदाईमधल्या तय्यब यांच्या टायरच्या दुकानात आलो. तय्यब मूळचे रत्नागिरीकडचे. कंटेनर उघडून त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावून ते हसतच सुटले. त्या दिवशी दुकानासमोरचं डांबर उन्हाने मऊ पडलं होतं आणि समोर मी उभा, बर्फाचे खिळे घेऊन!

गंमत पुढेच आहे. माझ्या मागोमाग त्याच कंटेनरमधून एक बिनखिळ्यांचा टायरही गडगडत बाहेर आला. ज्याच्या भाऊबंदांनी माझी गादी हिसकावली, त्याच्याच शेजारी राहायची वेळ आली. त्यालाही इथे कोण विचारणार? त्याचं मऊ रबर इथल्या उन्हात खोडरबरासारखं झिजलं असतं. तय्यबनी आम्हा दोघांना दुकानाच्या दाराशी छपराखाली सावलीत ठेवलं, एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे. सात वर्षं आम्ही तिथेच होतो. गिऱ्हाइकं आमच्यावर बसून सुलेमानी चहा प्यायची. कुणाच्या विजारीला माझा खिळा लागला की मला शिव्या मिळत. मी मात्र एकदा तरी बर्फ दिसावा म्हणून उसासे टाकत असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मला तेव्हा ठाऊक नव्हती.

कारण बर्फ तर तासाभराच्या अंतरावरच होता! अल हैलच्या पुढे, किनाऱ्याजवळ एक बर्फाचा कारखाना होता. मासळीच्या होड्यांना तिथून बर्फ जाई. तय्यबचा भाचा नुमान तिथे कामाला होता. थंड खोलीतून बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढायच्या आणि लोखंडी पत्र्याच्या उतारावरून पिकअपपर्यंत न्यायच्या, हे त्याचं काम. खोलीतली जमीन बर्फाने मढलेली आणि त्यावर कायम पाण्याचा पातळ थर. २००० सालच्या सुरुवातीला नुमानचा तिथे पाय घसरला आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं, पण भीती काही निघेना. नुमान खोलीच्या दाराशी जाई आणि तिथेच थिजून उभा राही. कारखान्याचे ओमानी मालक जमाल यांना सगळे अर्बाब म्हणत. माणूस चांगला होता. त्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग नाइलाजाने सांगितलं की या आठवड्यात काम जमलं नाही, तर दुसरा माणूस आणावा लागेल. नुमानचा व्हिसा या नोकरीवरच होता, दुसरा माणूस आला की तो संपला. त्याची बायको दिलशाद आणि मुलगी हिबा वर्षापूर्वीच अल हैलला आल्या होत्या. हिबा पहिलीत होती आणि नुकती कुठे शाळेत रमली होती. व्हिसा गेला असता, तर तिचं दप्तर अर्ध्या वर्षातच बंद करून तिघांना श्रीवर्धनजवळच्या गावी परतावं लागलं असतं.

त्या शुक्रवारी तिघं तय्यबकडे जेवायला आले. दुकानामागेच तय्यबची खोली होती. जेवताना नुमानने सगळं सांगितलं. दिलशाद उघड्या दारातून, दुकानापलीकडे, बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"मामू," ती म्हणाली, "अब्बा टायरची चप्पल घालून होडीवर चढायचे. शेवाळावरनंसुद्धा पाय हलायचा नाय. ह्या खिळेवाल्या टायरची करता येईल काय?"

तय्यबचा घास हातातच राहिला. ते तसेच उठले आणि सुरी शोधू लागले.

नुमानला अर्थात मीच हवा होतो. तय्यबचं मत निराळं होतं. खिळे ओल्या बर्फात पक्के रुततात, पण लोखंडी पत्र्यावर ते रुतणार कुठे? तिथे बिनखिळ्याचाच बरा, असं ते म्हणाले. माझा चेहरा पडला, म्हणजे टायरला असतो तेवढा. शेवटी दोघांचेही जोड करून बघायचं ठरलं. साबणाच्या पाण्यात सुरी बुडवून तय्यबनी आमच्या वरच्या रबराचे तळवे कापले. दुखलं का, म्हणाल तर रबराला दुखत नाही. अभिमानाला थोडं दुखलं.

दुसऱ्या दिवशी तय्यब दुकान बंद ठेवून भाच्याबरोबर कारखान्यात गेले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी त्यांनी आधी मला नुमानच्या दोन्ही गमबुटांखाली बांधलं. नुमानने श्वास रोखून खोलीत पाऊल टाकलं आणि नऊ वर्षांनी माझ्या खिळ्यांना बर्फ लागला! मित्रांनो, मला रडू आलं असतं. नुमान तसूभरही घसरला नाही. मी मनातल्या मनात बिनखिळ्याला वाकुल्या दाखवल्या.

मग आम्ही लोखंडी उतारावर आलो. तिथे मी असा सटकलो की तय्यबनी मागून धरलं नसतं, तर नुमानचं दुसरं मनगटही गेलं असतं. माझी ऐट जागच्या जागी जिरली. मग बिनखिळ्याला बांधलं. पत्र्यावर तो घोरपडीसारखा चिकटला, पण ओल्या बर्फावर हळूहळू निसटू लागला. अर्बाब हे सगळं बघत दारात उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते ऑफिसकडे वळले.

नुमान जमिनीवर बसला. त्याने डाव्या पायाला बिनखिळ्या ठेवला आणि उजव्या पायाला मला बांधायला घेतलं.

"अरे, दोन पायांत दोन तऱ्हा? लोक हसतील," तय्यब म्हणाले.

"हसू देत, मामू. बर्फात हा धरील, पत्र्यावर तो धरील. कुठेही गेलो तरी एक पाय तरी भरवशाचा हवा."

आणि तो आत गेला. बर्फात त्याने आपला भार माझ्यावर टाकला, पत्र्यावर बिनखिळ्यावर टाकला आणि एक लादी पिकअपपर्यंत आणली. मग दुसरी, मग तिसरी. बाराव्या लादीला अर्बाब परत आले, त्यांनी नुमानच्या पायांकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "खलास, बात पक्की. यही आदमी रहेगा."

त्यानंतर आठ वर्षं नुमान एकदाही पडला नाही. बिनखिळ्याशी माझं भांडण पहिल्याच आठवड्यात मिटलं. त्याच्याशिवाय मला खोलीबाहेर एक पाऊल टाकता येत नव्हतं, मग भांडणार कोणत्या तोंडाने? कारखान्यातलं खारं पाणी लोखंड खातं, म्हणून नुमान रोज संध्याकाळी आम्हाला गोड्या पाण्याने धुऊन पुसायचा. इतकी वर्षं आम्ही टिकलो ते त्यामुळेच. पुढे कारखान्यात नवी जमीन झाली, सगळ्यांना नवे बूट आले, नुमान मुकादम झाला आणि आम्ही त्याच्या घरी दारामागच्या फळीवर गेलो. वर्षभर अंगावर नुसती धूळ साचली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

गेल्या महिन्यात घर माबेलाला हलवायचं ठरलं. हिबा आता दहावीत आहे. सामान बांधताना तिला आम्ही सापडलो.

"मम्मी, हे ओल्ड रबर... फेकू का?" तिने विचारलं.

दिलशाद खोकं बांधायचं थांबली. "नको गो. तुझी शाळा त्याच्यावर उभी हाय," ती म्हणाली आणि मग तिने हिबाला सगळी हकिकत सांगितली.

मित्रांनो, तुमच्याही घरात दारामागे असं काही पडलेलं असेल. ते टाकायचं की ठेवायचं, हे तुम्ही ठरवा. फक्त टाकण्याआधी, घरात कोणी त्याच्या भरवशावर चाललं होतं का, एवढं विचारून घ्या.

हिबाने ओलं फडकं आणलं. माझा एकेक खिळा पुसला आणि बिनखिळ्याच्या चिरांतली धूळ काडीने काढली. मग खोक्यात तिने आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. उजवा आणि डावा तिने उलटे ठेवले, पण आमची काही तक्रार नाही.