एकाहत्तराव्या पानावरची लाट

थांबा, मध्ये कुणी बोलू नका. मी एकदा विसरले कुठे होते, की परत पहिल्यापासून सुरू करते, मग तुम्हीच डोकं धरून बसाल.

तर सिनेमा. हो, तोच, माझ्या आत्याच्या कादंबरीवरचा, सर्फिंगवाला. मी त्यात कंटिन्युइटी बघत होते. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये हिरॉइनचे केस ओले असतील तर पुढच्यातही ओले हवेत, फळीची दोरी उजव्या पायाला असेल तर चहा पिऊन आल्यावर ती डाव्या पायाला जाता कामा नये. सगळं एका जाडजूड फाइलमध्ये लिहायचं. युनिटमध्ये पन्नास माणसं, आणि एकटी मी अशी, जिचं कामच मुळी दुसऱ्यांच्या चुका काढणं. आई म्हणते, "तुला हे नोकरी नसतानाही जमायचं."

आता पुढचं कळायला एकच नियम लक्षात ठेवा. समुद्रात दहा जण आपापल्या फळीवर बसलेत, लाट येतेय. ती कुणाची? जिथून लाट फुटायला लागते, पांढरा फेस जिथून सुरू होतो, त्याच्या सगळ्यात जवळ जो बसलाय त्याची. संपलं. बाकीच्यांनी हात आवरायचे. त्याच्या पुढ्यात कुणी लाटेत शिरला, तर तो घुसखोर. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पाण्यातली माणसं बाकी सगळं माफ करतील, हे नाही करणार.

आणि माझे बाबा घुसखोर होते.

म्हणजे, असं सगळे म्हणायचे. मी तीन वर्षांची होते तेव्हा ते लाटेत गेले. बहीणभाऊ दोघं पाण्यात होते, दोघांनी एकच लाट घेतली, बाबा खडकावर आपटले. किनाऱ्यावर लोकांनी आत्याला विचारलं, काय झालं? आत्या म्हणाली, "तो मध्ये घुसला." बाबा तसेही घाईचे, चहासुद्धा उभ्यानं प्यायचे, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मी शाळेत पोहायला जायला लागले तर पोरं माझ्यासाठी कडेची रांग सोडायची. "हिला पुढे जाऊ दे रे, नाहीतर घुसेल." आईला सांगितलं नाही कधी. आत्याला तर नाहीच.

मग मी एकोणीस वर्षांची असताना आत्यानं कागदांचा एक गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "छापायच्या आधी तू वाच." ती कादंबरी. त्यातली बहीण भावाच्या लाटेत घुसते. भाऊ आत असतो, फेसाजवळ, लाट त्याची असते, हिला मोह होतो, ही त्याच्या पुढ्यात उडी घेते, आणि तो हिला लागू नये म्हणून फळी वळवतो. खडकाकडे. मी वाचून संपवलं आणि वर बघितलं तर आत्या दारात उभी. तिनं हो म्हणून मान हलवली. बस. एवढंच. मी त्या दिवशी तिला माफ केलं असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, एवढं सगळं जगासमोर लिहिलंय बाईनं, आपण अजून काय मागायचं?

ठीक? आता शूटिंगवर या.

समुद्राचे सीन शेवटी ठेवलेले, कारण तसा समुद्र रोज मिळत नाही. दोन दिवस उरलेले. दुपारच्या सुट्टीत आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही पाठीमागे गॉगल म्हणायचो, कारण ते एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीतही गॉगल काढत नाहीत, ते जेवणाच्या टेबलावर कॅमेरावाल्याला उद्याचा शॉट समजावत होते. पेपर नॅपकिन एका टोकाला चुरगळून केली लाट. सॉसची बाटली म्हणजे बहीण. मिठाची डबी म्हणजे भाऊ. म्हणजे माझे बाबा, मिठाची डबी. चालतंय. मी सँडविच खात बघतेय. आणि त्यांनी सॉसची बाटली ठेवली नॅपकिनच्या चुरगळलेल्या भागाला, म्हणजे फेसाला, चिकटून, आणि मिठाची डबी पुढे, मोकळ्या भागात. म्हणाले, "आणि हा इथून आत शिरतो."

मी सँडविच खाली ठेवलं.

"सर," मी म्हटलं, "उलटं झालंय."

"काय उलटं?"

"मीठ आत पाहिजे. सॉस बाहेर. लाट मिठाची आहे."

कॅमेरावाला हसायला लागला. गॉगल म्हणाले, "हिरॉइनच्या मागे फेस पाहिजे गं. काय दिसेल माहितीये? आग लागेल पडद्याला."

"पण मग घुसखोर तो होतो ना सर! सगळी कादंबरीच उलटी होते!"

"कुणाला कळणारे? पब्लिक काय टेप घेऊन येतंय का मोजायला?"

तळपायाची आग मस्तकात, म्हणतात ना, ती खरंच जाते हो, वाटेत पोटात थांबते जरा. मी मिठाची डबी उचलली आणि नॅपकिनमध्ये आत खुपसली. आणि गॉगलनी, पहिल्यांदा, आईशप्पथ, गॉगल कपाळावर सरकवला. म्हणाले, "माझ्यावर का ओरडतेस? मी पुस्तकाप्रमाणेच केलं होतं. हे तुझ्या आत्यानं बदललंय. पटकथेचं पान एकाहत्तर, बघ." आणि स्वतःची फाइल माझ्यापुढे टाकली.

माझ्या फाइलमध्ये ते पान अजून जुनंच होतं. त्यांच्यात नवं. दोन नावांभोवती गोल, आणि एक बाण, याला तिकडे, तिला इकडे. खाली आत्याची सही. मला सहीची गरजच नव्हती. ती रेघ मी ओळखते. आत्या फळ्या दुरुस्त करते ना, तिच्याकडे सुताराची चपटी पेन्सिल असते, कानामागे खोचलेली, आणि ती इतकी दाबून लिहिते की मागच्या पानावरही उमटतं. एकाहत्तरचा बाण त्र्याहत्तरवर सुद्धा दिसत होता.

मी त्यांचीच फाइल घेतली आणि निघाले. कुणी मागून म्हणालं, "अगं, पुढचा शॉट!" मी म्हटलं, केस ओलेच आहेत, ओलेच ठेवा!

आत्याचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड. आत शिरलं की त्या रेझिनचा, म्हणजे फळ्यांवर चढवायच्या चिकट रसायनाचा, वास नाकात जातो तो दोन दिवस निघत नाही, आणि सगळीकडे पांढरी भुकटी, खिडकीवर, रेडिओवर, आत्याच्या भुवयांवर. ती मास्क लावून एका फळीला पॉलिश मशीन मारत होती. मी फाइल फळीवरच आपटली.

"हे काय आहे?"

तिनं बघितलं. मशीन बंद केलं नाही. उलट जोर वाढवला. घर्रर्रर्र. मी बोलतेय, ती घर्रर्र. मी ओरडतेय, ती घर्रर्र. मी गेले आणि भिंतीतली पिन उपटली.

एकदम इतकी शांतता झाली की भुकटी खाली बसताना ऐकू येईल.

"बोल आता," मी म्हटलं.

तिनं मास्क खाली केला. नाकाखाली स्वच्छ, वर पांढरं, जोकरसारखी दिसत होती, आणि मला हसूही येईना. म्हणाली, "पुस्तक किती जणांनी वाचलं गं? हजार? दोन हजार? त्यातले निम्मे इथलेच. तरी एक वर्ष या शेडमध्ये कुणी फळी आणली नाही. मी सकाळी पाण्याकडे गेले की माणसं उठून जायची. ते मी काढलं. आता हे सगळीकडे दिसणार. भिंतीएवढं. माझ्याच्यानं नाही होणार."

"म्हणून बाबांवर ढकललंस? परत?"

"तो नाहीये. त्याला काय फरक पडतो?"

अरे! मला त्या क्षणी ती फळी उचलून तिच्या डोक्यात घालावीशी वाटली. खोटं नाही बोलत.

"मी आहे ना!" मी म्हटलं. "मला पडतो फरक! मला शाळेत घुसखोराची पोरगी म्हणायचे, माहितीये तुला? पोहायच्या रांगेत कुणी माझ्या मागे उभं राहायचं नाही आणि पुढेही नाही. सोळा वर्षं, आत्या! तू एक वाक्य बोललीस किनाऱ्यावर, आणि ते मी वापरलं सोळा वर्षं, तुझ्या जुन्या स्वेटरसारखं! आणि वर मी तुला माफ केलं होतं. कसली मूर्ख मी!"

ती मोडून पडेल, रडेल, असं मला वाटलं. नाही. ती नुसती म्हणाली, "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं?"

आणि मी फाइल उचलून निघाले. दार आपटलं. ते शेडचं सरकतं दार होतं, नीट आपटलंही जात नाही, तेवढंही समाधान नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र असा उठला होता, म्हणजे सगळं युनिट खुळ्यासारखं नाचत होतं. मी गॉगलना त्यांची फाइल परत देऊन माझ्या सामानाच्या पेटाऱ्यावर माझी फाइल घेऊन बसलेली, कुणाशी बोलत नव्हते. दोन डमी, म्हणजे हिरो-हिरॉइनऐवजी खरंखुरं लाटेवर जाणारे, रबरी सूट चढवत होते. मुलगी पांढऱ्या फळीची, बहीण. काका पिवळ्या फळीचे, भाऊ. त्या काकांनी बाबांना पाण्यात बघितलेलं, पण कधी माझ्याशी त्यावर बोलले नव्हते. आज मात्र म्हणाले, "पान वाचलं. लिहिलंय तसं करायला सांगतात तर करतो आम्ही. पण आवडलं नाही."

आणि तेवढ्यात आत्या आली. भुकटीसकट. सरळ गॉगलकडे गेली, म्हणाली, "पान द्या." कानामागची पेन्सिल काढली आणि आपल्याच बाणावर फुली मारली. असली फुली, की कागद फाटला.

गॉगल म्हणाले, "मॅडम, आता नाही. सही झालेलं पान आहे. कॅमेरे लागलेत, बोट उभी आहे. आणि मला खरं सांगू, तुमचंच जास्त छान दिसतंय."

"छान दिसतंय, पण खोटं आहे."

"सिनेमा आहे मॅडम."

आत्या दोन सेकंद थांबली. मला वाटलं झालं, परत गप्प बसणार ही. आणि मी मनात म्हटलं, बस, बस गप्प, म्हणजे मला तुझा आयुष्यभर राग तरी करता येईल. पण ती वळली आणि त्या दोन डमींकडे गेली. सगळ्यांसमोर. मेकअपवाले, लाइटवाले, चहावाले, किनाऱ्यावर बघायला जमलेले म्हातारे सर्फरसुद्धा, सगळे बघतायत. तिनं टाचेनं वाळूत एक रेघ मारली. "ही लाट. इथे फेस." मग एक खळगा. "हा माझा भाऊ." मग बाहेरच्या बाजूला दुसरा. "ही मी. लाट त्याची होती. मी घुसले. त्या दिवशी मी खोटं बोलले."

आवाज तिचा मोठा नव्हता, पण सगळ्यांपर्यंत पोचला.

मागे एक म्हातारा खाली वाळूकडे बघायला लागला. काकांनी सूटची चेन वर ओढली, पिवळी फळी काखेत घेतली. जाता जाता गॉगलना म्हणाले, "साहेब, मी आत बसणार. नाहीतर तुम्ही जा लाटेवर." पांढऱ्या फळीवाली मुलगी त्यांच्या मागोमाग पळाली, वळून ओरडली, "आणि मी घुसणार!"

गॉगल भोंग्यातून ओरडतायत, "बदलू नका! पोझिशन बदलू नका! ऐकू येतंय का?" येत होतं. सगळ्या किनाऱ्याला येत होतं. पण पाण्यात गेलेल्या माणसाला भोंगा काय करणार? पिवळी फळी आत गेली, पांढरी बाहेर. लाट आली. काका उठले, फेस त्यांच्या पाठीला लागलेला, आणि ती मुलगी त्यांच्या पुढ्यात शिरली, आणि काकांनी वळवली फळी. ते सुखरूप बाहेर आले हं, त्यांना येतं ते. पण मी बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की बाबांनी काय केलं होतं.

आत्यानं नाही बघितलं. ती लाटेकडे पाठ करून उभी होती.

गॉगल मॉनिटरजवळ गेले. दोनदा बघितलं. मग म्हणाले, "हं." दिग्दर्शकाचं हं, त्याचे पंचवीस अर्थ होतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहून घे. हाच ठेवतोय. आणि पॅकअप झालं की तू तुझा पेटारा उचल, पुढच्या सिनेमात मला तू नकोस." मी म्हटलं, "बरं सर." आणि लिहिलं. पान एकाहत्तर, टेक एक. पिवळा आत. पांढरा घुसला.

आत्या येऊन माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "राग गेला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पेटाऱ्यावर माझ्या शेजारी बसली. अर्धीच जागा होती, तिनं मला ढकललं. मी तिला परत ढकललं, चांगलं जोरात. ती पडली नाही, पण उठलीही नाही.

तर आता शुक्रवारी पहिला शो आहे. तिनं दोन तिकिटं पाठवलीयत, एक माझं आणि एक आईचं. स्वतःसाठी नाही घेतलं. मी तिला निरोप पाठवलाय की तू पुढच्या रांगेत बसणारेस, मधल्या खुर्चीवर, आणि या वेळी पाठ करायची नाही. उत्तर आलं नाही अजून. तुम्ही येताय ना? तिच्या दोन्ही बाजूंना आपण बसायचं. उठायला जागाच ठेवायची नाही.