रोज हरणारं उनाड प्यादं

मंडळी, मला आधी एक सांगा, तुमच्या घरातलं कुणी आजारपणातून उठलं की तुम्ही काय करता? त्यांच्या हातातला पेला काढून घेता ना? 'राहू दे, मी करतो' म्हणता ना? म्हणताच! आपण सगळेच म्हणतो. आणि वर आपल्याला वाटतं, आपण किती चांगले! तर ऐका. ही गोष्ट आपल्या भिंगची आहे.

भिंग म्हणजे तोच, चष्म्याच्या दुकानात काचा घासतो तो. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, शंका आहे. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. आणि तिसरे बाबा, म्हणजे भिंगचे वडील. बंदरावर क्रेन चालवायचे. उंचावरच्या त्या काचेच्या केबिनमध्ये बसून अख्खा कंटेनर जहाजावर असा ठेवायचे, की खालच्या माणसाला कळायचंही नाही कधी टेकला! मग आजारी पडले. बरे झाले, चालायला लागले, जेवायला लागले, पण उजव्या हाताला थरथर राहिली ती राहिलीच. नोकरी सुटली.

घरात बसून माणूस करणार काय? भिंगनेच त्यांच्या मोबाईलवर ऑनलाइन बुद्धिबळ टाकून दिलं. बाबांना तरुणपणी पटावर खेळायची हौस होतीच. पहिल्या दिवशी खूश! पण दुसऱ्या दिवसापासून हरायला लागले. एक डाव हरले, दोन हरले, हरतच गेले. एकदा तर मोबाईल असा आपटला सोफ्यावर, की उडून खाली गेला. बोलणं बंद, जेवण अर्धं. भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचे.

भिंगला ते बघवेना हो! साहजिक आहे. मग त्याने काय केलं माहितीये? दुसऱ्या नावाने स्वतःचं एक खातं उघडलं. नाव ठेवलं 'उनाड प्यादं'. आणि दुकानातून बाबांना आव्हान पाठवलं. आणि हरला. मुद्दाम! व्यवस्थित, हळूहळू, संशय येणार नाही असा हरला.

त्या संध्याकाळी घरी आला तर बाबा चक्क दारात उभे!

"अरे, आज एकाला झोपवला! उनाड प्यादं म्हणे. कसलं उनाड, अगदीच कच्चं निघालं!"

झालं. रोजचा परिपाठ सुरू झाला. इकडे दुकानात गिऱ्हाईक ताटकळतंय, "अहो, माझा चष्मा?" आणि भिंग काउंटरखाली मोबाईल धरून आपला वजीर देऊन टाकतोय. "झालाच ताई, काच बसवतोय!"

आणि बाबा? बाबा पेटले! सकाळी उठले की व्हिडिओ. खेळाच्या सुरुवातीच्या चाली, ज्याला हे लोक ओपनिंग म्हणतात, त्यांचा अभ्यास. माळ्यावरचा जुना लाकडी पट खाली काढला. इटालियन ओपनिंग म्हणजे काय, उंट लवकर बाहेर काढून राजाशेजारच्या कच्च्या प्याद्यावर डोळा कसा ठेवायचा, सगळं पटावर मांडून बघायचे. सूनबाई कामावर निघाली की तिलाच थांबवायचे.

"मास्तरीणबाई, नुसती चाल पाठ करून उपयोग नाही. ती का केली ते कळलं पाहिजे. खरं की नाही?"

"खरंय बाबा. माझे विद्यार्थी पण गिअर पाठ करतात आणि चढावर गाडी बंद पाडतात."

तर अशी मजा चालली होती. पण पुढची गंमत ऐका. बाबांना त्या उनाड प्याद्याची दया यायला लागली! रोज हरतं बिचारं, तरी रोज येतं खेळायला. मग बाबा त्याला खेळता खेळता मेसेज करायला लागले. थरथरत्या बोटाने एकेक अक्षर शोधून.

'बाळा, वजीर एवढ्या लवकर बाहेर काढू नकोस. आधी घोडे काढ.'

'किल्लेकोट करून घे. राजाला घरात बसव, मग भटक कुठे भटकायचं ते.'

'राजासमोरचं एक प्यादं पुढे कर. एक खिडकी ठेव. नाहीतर हत्ती शेवटच्या ओळीत येतो आणि राजा घरातच कोंडून मरतो.'

भिंग काउंटरखाली हे वाचायचा, आणि पुन्हा पुन्हा वाचायचा. का सांगू? कारण बाबांनी त्याला उभ्या आयुष्यात 'बाळा' म्हटलं नव्हतं. क्रेनवरची पाळी करून यायचे, जेवायचे, झोपायचे. बापलेकाचं बोलणं म्हणजे 'दिवा घालव' आणि 'दार लाव'. आणि आता हा माणूस एका अनोळखी प्याद्याशी इतक्या मायेने बोलतोय! भिंगला ते मेसेज हवेहवेसे वाटायला लागले. रोज वाट बघायचा. म्हणजे बघा, बापाला आनंद द्यायला सुरू केलेलं नाटक आता त्याला स्वतःलाच सोडवेना!

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "त्या पोराच्या घरी काहीतरी बिनसलंय."

"कुठल्या?" भिंगने ताटात बघत विचारलं.

"प्याद्याच्या. खेळात लक्षच नसतं त्याचं. बाप विचारत नसेल त्याला."

भिंगला असा ठसका लागला की बायकोने पाठ थोपटली. तिला सगळं माहीत होतं, बरं का. तिने त्याच्याकडे असं बघितलं, की चालू गाडीत बसलेला माणूस आपोआप पट्टा लावेल!

आणि मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी खेळता खेळता बाबांचं बोट घसरलं. वजीर ठेवायचा होता एका घरात, पडला शेजारच्या घरात. थेट भिंगच्या प्याद्याच्या तोंडी! फुकट वजीर! आता तो मारला तर बाबा हरणार. भिंगने काय केलं, कोपऱ्यातलं भलतंच प्यादं एक घर पुढे सरकवलं.

लगेच मेसेज आला. 'वजीर का मारला नाहीस?'

भिंगने लिहिलं, 'दिसला नाही.'

'खोटं बोलू नकोस. काल हत्ती पण सोडलास.'

त्यापुढे काही आलंच नाही. डाव तसाच अर्धवट राहिला.

भिंग घरी आला तर दारात कोणी नाही. पट पुन्हा माळ्यावर. बाबा खुर्चीत, मोबाईल टेबलावर पालथा.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. ते काढून टाक मोबाईलमधून. मला जमत नाही."

"अहो, पण तुम्ही तर रोज जिंकताय!"

"जिंकत नाहीये मी!" बाबा असे ओरडले की आतून सूनबाई धावत आली. "तो मला सोडतोय! त्याला कळलंय हा म्हातारा थरथरतो म्हणून. हात गेला माझा, ठीक आहे. पण आता डोकंही गेलं असं लोकांना वाटणार असेल ना, तर नको मला ती भीक!"

आणि उठून आत गेले.

भिंगची बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता सांग त्यांना."

"वेडी आहेस का? तुटतील ते! मुलगाच फसवत होता असं कळलं तर?"

"ऐक. माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो ना? नवीन कोणी शिकायला बसलं की मला सारखं वाटतं, दाबावा. दाबावा! पण मी तो दाबून धरला तर गाडी कोण चालवतंय? तो बिचारा स्टिअरिंग फिरवतोय, त्याला वाटतंय आपण चालवतोय, आणि गाडी जागच्या जागी. तू बाबांचं हेच केलंस. इतके महिने ब्रेक दाबून बसलास."

"मी प्रेमाने केलं गं."

"मी कुठे म्हणते रागाने केलंस? पण तू त्यांना जिंकवत नव्हतास, एकटं पाडत होतास. समोर कुणी खेळतच नसेल तर तो खेळ कसला? आणि मला एक सांग, पहिल्या आठवड्यात ते का हरत होते, हे तू त्यांना कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं! मंडळी, एवढी सोपी गोष्ट, आणि त्याने नव्हतीच विचारली!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी बाबा खिडकीशी बसले होते. भिंग त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्याने मोबाईल काढला आणि काहीतरी लिहिलं. टेबलावरचा बाबांचा मोबाईल वाजला. बाबांनी नाखुशीनेच उचलला.

उनाड प्यादं म्हणत होतं, 'बाबा, मी आहे.'

बाबांनी मोबाईलकडे बघितलं. मुलाकडे बघितलं. पुन्हा मोबाईलकडे.

"तू?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"एवढं वाईट खेळतोस तू?"

"मुद्दाम, बाबा. तुम्ही जेवत नव्हतात, बोलत नव्हतात. मला दुसरं काही सुचलं नाही. चुकलो मी."

बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. ते उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. भिंगला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात सूनबाई त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि अगदी सहज, भाजी कोणती करू विचारावं तसं तिने विचारलं, "बाबा, तुम्ही सुरुवातीला हरायचात ना, तेव्हा नक्की काय व्हायचं?"

बाबांनी उजवा हात वर केला. बोट हलत होतं.

"चाल दिसायची गं मला. बरोबर दिसायची. पण बोट ठेवतो इथे आणि सोंगटी पडते तिथे. अख्खा कंटेनर कधी इंचभर चुकवला नाही मी. आणि आता एवढंसं प्यादं घरात बसेना. ते कुणाला सांगणार?"

"आण रे तो मोबाईल," ती नवऱ्याला म्हणाली.

तिने उलटसुलट करून सेटिंग उघडलं, खाली खाली गेली आणि थांबली. तिथे एक बटण होतं. ते चालू केलं की प्रत्येक चालीनंतर ॲप विचारतं, ही चाल पक्की करायची का? खूण केली तरच चाल होते. नाहीतर सोंगटी मागे!

बाबांनी करून बघितलं. वजीर उचलला, बोट घसरलं, वजीर भलत्याच घरात. पण झाली नाही चाल! मागे घेतला, पुन्हा ठेवला, बरोबर बसला. खूण केली. टक्!

"हे... हे आधीपासून होतं?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," सूनबाई म्हणाली.

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. इतके महिने! दुकानात चष्मे रखडले, वजीर मेले, खोटी नावं झाली, आणि उत्तर काय, तर एक बटण! आधी बाबांचा खांदा हलला. मग पोट. मग ते असे हसत सुटले की शेजारचे डोकावले. भिंगही हसायला लागला, आणि हसता हसता कधी रडायला लागला, त्यालाही कळलं नाही. छातीवरचा धोंडाच उतरला हो!

"पुरे आता," बाबा डोळे पुसत म्हणाले. "काढ तो पट खाली. बस समोर. आणि खबरदार, सोडलंस तर!"

बसले दोघं. बाबांनी उंट काढला, तोच इटालियन! आणि काय खेळले, काय खेळले! भिंगला घाम फुटला. एक तर इतके महिने हरून हरून त्याच्या हाताला हरायचीच सवय लागलेली. वजीर उचलला की तो आपोआप मरायलाच निघायचा! कसाबसा सावरला. पट रिकामा होत गेला. आणि मग भिंगला दिसलं. बाबांचा राजा कोपऱ्यात, समोर तीन प्यादी जागची हललेली नाहीत. शेवटची ओळ मोकळी. हत्ती तिथे नेला की डाव संपला.

त्याने हत्ती उचलला. आणि हात हवेतच थांबला. समोर बाबांचा चेहरा इतका उजळलेला! सोडावं का? एकदाच?

त्याने वर बघितलं. दारात बायको उभी होती. तिने आपला उजवा पाय जमिनीवरून हळूच वर उचलला.

भिंगने हत्ती शेवटच्या ओळीत ठेवला.

"शह बाबा. आणि मात."

बाबा पटावर वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आणि मग बाबांनी मांडीवर अशी थाप मारली!

"खिडकी! अरे खिडकी ठेवली नाही मी! मीच शिकवलं होतं की तुला!"

"हो बाबा. तुमचाच मेसेज होता."

"म्हणजे वाचत होतास?"

"सगळे. जपून ठेवलेत."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग सोंगट्या पुन्हा मांडायला लागले. एक घोडा पडला, त्यांनीच उचलला. कुणी मदतीला हात पुढे केला नाही, बरं का!

"मांड, बाळा," ते म्हणाले. "या वेळी पांढरे तुझे."

आता बाबा रोज खेळतात, जगभरच्या खऱ्याखुऱ्या माणसांशी. हरलेला डाव सकाळी पटावर मांडतात, कुठे चुकलं ते शोधतात. हळूहळू वर चढतायत. दुपारी दुकानात भिंगचा मोबाईल वाजतो, 'हरलो! पण ओपनिंग बरोबर होतं!' आणि तो हसतो. गिऱ्हाईकाचा चष्माही आता वेळेवर मिळतो.

तर मंडळी, आपल्या घरात, शेजारी, ऑफिसात असं कुणीतरी असतंच, ज्याचा हात थरथरतो, पाय अडखळतो, ऐकायला कमी येतं. आपण लगेच दया दाखवतो, त्यांच्या वाट्याची हारही त्यांच्याकडून काढून घेतो. नका करू असं! माणसाला जिंकवू नका, खेळू द्या. आधी शेजारी बसा आणि एवढंच विचारा, 'नक्की कुठे अडतंय?' कदाचित ते एकच बटण असेल. आणि ते सापडलं ना, की मग ब्रेकवरचा पाय काढा!