उद्यासाहेबांची तिसरी खेप

"साहेब, तुम्ही? आणि रांगेत?"

भट्टीवरच्या एका माणसाने हे इतक्या मोठ्याने विचारलं, की झिलईखात्याच्या दारापर्यंतच्या सगळ्या माना मागे वळल्या. उद्यासाहेब रांगेच्या शेवटी उभे होते. हातात अर्ज होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी त्याची अशी काही घट्ट गुंडाळी केली होती, की ते काहीतरी लपवताहेत हे लांबूनही कळत होतं.

"मी आपला... ताईंकडे जरा काम होतं," ते पुटपुटले.

"आम्ही काय मग हवा खायला उभे आहोत?" पुढचा एक जण म्हणाला आणि सगळी रांग खो-खो हसली.

उद्यासाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. कपबशांच्या त्या कारखान्यात ते फंडाच्या टेबलावर बसत. म्हातारपणाची सोय म्हणून पगारातून दरमहा कापला जाणारा पैसा म्हणजे फंड. तो साठीनंतर मिळायचा. अगदीच अडचण असेल तर आधीही काढता येई, पण अडचण खरी की खोटी हे ठरवायचं काम साहेबांचं. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक रीत बसवली होती. माणूस अर्ज घेऊन आला की ते त्याचं सगळं नीट ऐकून घेत, मान डोलावत आणि म्हणत, "उद्या या." दुसऱ्या दिवशी तो आला की पुन्हा पहिल्यापासून ऐकत आणि पुन्हा म्हणत, "उद्या या." तिसऱ्या दिवशीही जो आला, त्याचं काम चहा थंड व्हायच्या आत होई. ज्याला नुसती मोटारसायकल हवी आहे, ज्याला मेव्हण्याने कसल्याशा धंद्याच्या नादी लावलं आहे, तो तिसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, असा त्यांचा पक्का सिद्धांत होता. तिसऱ्यांदा येतो तो खरा अडलेला.

लोक पाठीमागे शिव्या घालत. पण साहेबांनी कुणाचा चहासुद्धा घेतला असं कुणी म्हणू शकलं नसतं. आणि निवृत्तीच्या दिवशी भरल्या फंडाचा चेक हातात पडला, की त्याच लोकांचे डोळे भरून येत. साहेबांना तेव्हा जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटे.

आता पाळी त्यांच्यावर आली होती. कपबशांना उठाव राहिला नव्हता. कारखाना निम्मे दिवस चाले, पगारही निम्मा होई. साहेबांच्या घरी तर दुहेरी फटका बसला. त्यांची बायको घरात पाळणाघर चालवायची. कारखान्यातल्या बायांची पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली; सगळे तिला मावशीच म्हणत. या नवरा-बायकोला स्वतःचं मूल झालं नाही, पण घरात सकाळपासून इतकी मुलं असत, की त्याबद्दल उसासे टाकायला तिला कधी सवडच मिळाली नाही. आता आयाच घरी बसल्या, तर मुलं कशाला येतील? घराचे हप्ते थकत गेले. बँकेने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर घर बँकेचं. घर गेलं की पाळणाघर कायमचं गेलं. फंड काढला तर दोन्ही वाचत होतं, मात्र मग साठीनंतर हातात काही उरणार नव्हतं.

नियम असा होता, की फंडाच्या कारकुनाचा स्वतःचा अर्ज कामगारांच्या प्रतिनिधीने तपासायचा. प्रतिनिधी म्हणजे झिलईखात्याच्या ताई. वर्षानुवर्षं कपांवर झिलई चढवून त्यांच्या नखांत पांढरा रंग कायमचा बसलेला. अंगाने एवढ्याशा, पण आवाज असा की भट्टीच्या घरघरीतही दोन खात्यांपलीकडे जायचा. दुपारच्या सुट्टीत त्या खात्याच्या दारात स्टूल टाकून बसत आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकत.

साहेबांनी त्यांच्यापुढे अर्ज धरला. "सगळं यात आहे, ताई."

"ते मी वाचेन सावकाश. तुम्ही तोंडाने सांगा. आमच्याकडूनही तोंडानेच वदवून घेता ना?"

साहेबांनी सांगितलं. हप्ते, बँक, बायकोचं पाळणाघर. आवाज इतका खाली गेला, की मागच्यांनी माना पुढे काढल्या. ताईंनी मान डोलावली, अर्ज गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला आणि म्हणाल्या, "उद्या या."

रांगेत हशा पिकला. ताई मात्र हसल्या नाहीत.

"थट्टा करताय का?"

"थट्टा कशाला करू? टेम्पो घ्यायचा म्हणून माझा नवरा मला तुमच्यापुढे घेऊन आला होता, आठवतं? तुम्ही दोनदा परत पाठवलंत. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचं डोकं ठिकाणावर आलं. माझा फंड शाबूत आहे तो तुमच्यामुळे. मग जी रीत मला, तीच तुम्हाला. तुम्हाला तसंच सोडलं तर हेच लोक उद्या बोंबलतील, की साहेबांनी आपलं आपलं साधून घेतलं."

वाट साहेबांनीच घालून दिली होती.

घरी बायको वाटच बघत होती. मुलांच्या बुटक्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"झालं काम?"

"उद्या बोलावलंय."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग तोंडावर पदर दाबून हसत सुटली. "अहो, मग? कसं वाटलं?"

"हसू नको. सगळ्यांसमोर सांगावं लागलं."

"मग लोक काय तुमच्या कानात येऊन सांगत होते?"

साहेबांना राग आला, पण राग कुणावर काढायचा ते ठरेना, म्हणून ते हात-पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रांगेत उभे राहिले. पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक बाई हळहळली, "अगं बाई, मावशींचं पाळणाघरसुद्धा?" दुसऱ्या कुणीतरी चुकचुकून साथ दिली. कालचं हसणं परवडलं असं साहेबांना झालं. आयुष्यभर ज्यांच्या पैशांची राखण केली, ते आता आपली कीव करताहेत, या विचाराने त्यांचे कान तापले. ताईंनी आजही मान डोलावली आणि आजही म्हणाल्या, "उद्या या."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला म्हणाले, "मी काही आज ताईंकडे जात नाही. बँकेकडे मुदत वाढवून मागतो."

"त्यांनी आधीच नाही म्हटलंय ना?"

"मग दुसरं काहीतरी बघतो."

"दुसरं काय बघणार?"

तिने डबा हातात दिला. ते निघाले खरे, पण कारखान्याच्या फाटकाशी आल्यावर पाय उचलेचनात. आतून कुणीतरी हाक मारून विचारेल, 'काय साहेब, आज तिसरी खेप ना?' आणि आपण दात काढून हसायचं. त्यापेक्षा आजारी पडलेलं बरं. ते सरळ मागे वळले.

"साहेब, काही विसरलात का?"

फाटकावरचे दादा विचारत होते. दादांची सारी हयात भट्टीवर गेली होती. निवृत्त झाल्यावर ते इथेच फाटकावर राखणीला राहिले.

"हो... चष्मा राहिला घरी."

"डोळ्यांवर आहे तुमच्या."

साहेबांनी चष्म्याला हात लावून पाहिला. दादा काही हसले नाहीत. ते बाकावरून उठून जवळ आले.

"आत जा, साहेब. आज तिसरा दिवस आहे तुमचा. सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्हाला नाही कळायचं, दादा."

"मला नाही तर कुणाला कळायचं? मीही इथवरच आलो होतो."

साहेबांना आठवायला वेळ लागला, पण आठवलं. भट्टीवरचा एक माणूस मुलीच्या शिक्षणासाठी पैसे मागायला दोनदा आला होता. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. त्या संध्याकाळी साहेबांनी घरी जाऊन बायकोला मोठ्या समाधानाने सांगितलं होतं, की आज एकाचं म्हातारपण वाचवलं.

"तिची नर्सिंगची फी भरायची होती," दादा म्हणाले. "दोनदा चारचौघांत सांगितलं, की बाप असून पोरीची फी भरायची ऐपत नाही. तिसऱ्यांदा जीभ उचलेना. इथूनच मागे फिरलो."

"मग पोरीला काय सांगितलंत?"

दादा थोडे घुटमळले. "सांगितलं, साहेब नाही म्हणाले. काय करणार? बाप लाजला असं कसं सांगू? पॅकिंगमध्ये आहे ना, ती उंच पोरगी, ती माझीच. तिला अजून तसंच वाटतं."

ती उंच पोरगी साहेबांना ठाऊक होती. समोरून आली तरी कधी ओळख दाखवायची नाही. शिष्ट आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"पण दादा, निवृत्तीच्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो होतो..."

"'बघा, तेव्हा हात लावला असता तर?' असं म्हणाला होतात."

"तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलायचं? पैसे तर पूर्ण होते. मी ते तिच्या नावावर ठेवून दिले. ती हात लावत नाही त्यांना." दादांनी फाटकाचा छोटा दरवाजा उघडून धरला. "जा, साहेब. घर जायला नको."

इतकी वर्षं तिसऱ्या दिवशी जे आले नाहीत, ते सगळे साहेबांनी आपल्या खात्यात जमा धरले होते. त्यांतले किती जण या फाटकावरून परत गेले असतील, हे आता कोण सांगणार? दादा दरवाजा धरून उभेच राहिले, म्हणून साहेब आत गेले.

दुपारी रांगेत उभं राहून त्यांनी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी आवाज खाली गेला नाही. शेवटच्या माणसालाही ऐकू जावं असं सांगितलं.

"साठीनंतर काय कराल?" ताईंनी विचारलं. हा साहेबांचाच नेहमीचा प्रश्न होता.

"माहीत नाही."

"बरं झालं. बाकीचे काहीतरी ठोकून देतात." ताईंनी सही केली. "दोन दिवसांत पैसे खात्यात येतील. मावशींना म्हणावं, खुर्च्या पुसून ठेवा."

साहेब जागचे हलले नाहीत. "ताई, यापुढे कुणाला 'उद्या या' म्हणू नका. मीही म्हणणार नाही."

"मग खरा कोण, खोटा कोण, हे कळायचं कसं?"

"तेही माहीत नाही."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मग पुढच्या माणसाला हात केला. साहेबांना हलकं वाटायला हवं होतं. घर राहिलं होतं, बायकोचं पाळणाघर राहिलं होतं. पण फंडाच्या टेबलावर जाऊन बसल्यावर दुपारभर त्यांच्याकडून एक काम धड झालं नाही.

संध्याकाळी सुटी झाल्यावर ते फाटकाशी थांबले. दादांनी सरकून बाकावर जागा करून दिली.

"झालं?"

"झालं."

कामावरून सुटलेली माणसं समोरून जात होती. पॅकिंगच्या बायका सगळ्यांत शेवटी बाहेर पडल्या. ती उंच पोरगी त्यांत होती. केसांत कप गुंडाळायच्या गवताच्या काड्या अडकलेल्या, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. बापाचा डबा न्यायला ती बाकापाशी आली आणि साहेबांना तिथे बघून थबकली.

साहेब उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोठं माणूस आल्यावर उठतात, तसे उठले.

तिला काय करावं ते समजेना. "मिळाला का साहेब तुम्हाला तुमचा फंड?" तिने विचारलं.

"मिळाला."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं.

दादांचा चेहरा पडला. ते बाकाची कड धरून अर्धवट उठले. "पोरी, ऐक जरा. त्या वेळी यांनी..."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हलकेच खाली बसवलं.

"मी नाही म्हणालो होतो," ते तिला म्हणाले. "तुझे वडील तिसऱ्या दिवशीही आले होते. मी पैसे द्यायला हवे होते."

तिने बापाशेजारचा डबा उचलला, त्याच्या शर्टाची वर आलेली कॉलर नीट केली आणि रस्त्याला लागली. साहेब उभेच होते. दादा मान खाली घालून बसले होते, आणि साहेबांचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता.