फावड्याची जागा

मेस्त्रींनी व्हॅनच्या पत्र्यावर खडूने खूण केली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि अंगठ्याने ती पुसून टाकली.

"बाबा, एवढं काय त्यात? लावा कुठेही," जावई म्हणाला.

"कुठेही कसं?"

सामान भिंतीशी टेकवलेलं होतं: फावडं, गाडी ओढायचा जाड पट्टा आणि रुतलेल्या चाकाखाली सारायच्या दोन नारिंगी पाट्या. व्हॅनमधला पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं मेस्त्रींनीच बसवलेलं, तीन वर्षांपूर्वी, लेकीच्या लग्नात. तेव्हा जावई म्हणाला होता, हे सामान बाहेरून लावू या. मेस्त्रींनी ऐकलं नव्हतं. बाहेर गंज चढेल, कुणीतरी उचलून नेईल, म्हणून त्यांनी पलंगाखाली खास खण करून दिला.

गेल्या वर्षी एका ओसाड नदीकाठी व्हॅनची मागची चाकं वाळूत रुतली. त्याच दुपारी लेकीला काहीतरी चावलं आणि तिचा घसा सुजायला लागला. फोन लागेना. खण उघडायचा तर पलंग उचलायला हवा, आणि पलंगावर ती. जावयाने तिला बाहेर सावलीत नेऊन निजवलं, पलंगावरचं सामान उपसलं, खण उघडला, मग फावड्याने चाकांखालची वाळू. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

जावयाने त्या खणाचा विषय कधीच काढला नाही. मेस्त्रींना तेच सोसत नव्हतं.

आता तो पुन्हा लग्न करत होता. आधी तुम्हाला भेटवायची होती, म्हणत होणाऱ्या बायकोला घेऊन आला होता. ती मघापासून शेडच्या दाराशीच उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"इकडे या जरा," मेस्त्री तिला म्हणाले. "हात वर करा. ताणायचा नाही, सहज पोचेल तेवढाच."

तिने हात वर केला. लेकीपेक्षा ती चार बोटं तरी बुटकी होती. खडू हवेतच थांबला. मग तिच्या बोटांशी खूण करून मेस्त्रींनी ड्रिल उचललं.

पत्र्यातून पहिलं भोक आरपार गेलं तसा जावई बाहेर जाऊन उभा राहिला.

बोल्ट आवळून झाल्यावर तिने विचारलं, "काका, कुलूप नाही लावायचं?"

"नको. चोरीला गेलं तर दुसरं आणता येतं." त्यांनी हात पुसले. "काढा बघू फावडं."

फावडं धरणारी पकड नवी होती, घट्ट. तिचं नख मोडलं. जावई बाहेरून पुढे आला.

"तू हात लावू नकोस," मेस्त्री म्हणाले. "उद्या तुलाच काही झालं, तर ही एकटीच असेल."

फावडं निघालं. मेस्त्रींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"सव्वा मिनिट. ठेवा. परत काढा."

दुसऱ्यांदा चाळीस सेकंद लागले. तिसऱ्यांदा पंचवीस. तिला धाप लागली होती, कपाळावर केस चिकटले होते.

"आलं की काका आता," ती हळूच म्हणाली.

मेस्त्रींनी घड्याळावरची नजर वर केली नाही.

"परत एकदा कर, बाळा."