खांब आडवा होतो तेव्हा

मी एक माउथगार्ड बोलतोय, लढणाऱ्यांच्या दातांवर बसणारं कवच. धंदा विचाराल तर चावून घेणं. चिडलेली माणसं दातओठ खातात असं म्हणतात. आमच्याकडे ओठ वाचतात, खाल्ला जातो तो मी.

माझा जन्म कवळ्यांमध्ये झाला. एका दंतवैद्यांच्या दवाखान्यामागे अरुंद खोली आहे. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि प्लास्टरच्या जबड्यांची रांग. तिथं बसून एक बाई लोकांच्या कवळ्या करते. मी तिला आई म्हणतो, कारण जिच्यासाठी मला घडवलं तीही तिला आईच म्हणते.

तिची लेक किकबॉक्सर. सरावाच्या हॉलमध्ये तिला सगळे खांब म्हणतात. उंच आहे म्हणून नव्हे, तर तिला खाली पडताना कुणी पाहिलं नव्हतं म्हणून. माझ्याआधी ती दुकानातला, गरम पाण्यात बुडवून चावायचा गार्ड वापरायची. तो एकदा ऐन सरावात घसरला आणि समोरच्या दाताची बारीकशी कपची उडाली.

"हे काय झालं?" आईनं विचारलं.

"आई, दिसतही नाही ते."

"मला दिसतं. दिवसभर मी दुसरं बघते काय?" मग दिवा पेटवत म्हणाली, "जगाला कवळ्या करून देते मी. माझी लेक माझं गिऱ्हाईक झालेली मला चालणार नाही."

लगेच माप घेतलं, साचा केला. मग रंगाचा विचार सुरू झाला. पांढरा नको, त्यावर रक्त दिसतं. लाल नको, त्यावर रक्त दिसत नाही. शेवटी निळा ठरला. तापवून मऊ केलेली प्लास्टिकची एक चकती साच्यावर बसवली की काम होतं. आईनं दोन बसवल्या. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि दाढांपाशी आणखी एक पट्टी चढवली.

डॉक्टर दारातून डोकावले. "एवढा जाड?"

"असू दे. जाड बरा."

माझ्याबद्दल बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. त्यामुळे जाड असणं हाच आपला गुण, असं मी धरून चाललो. शेजारी वाळत असलेली एक कवळी मला म्हणाली, "मी जेवणार, हसणार, नातवंडांना घाबरवणार. तू काय करणार?"

"मार खाणार."

"कुणाचा?"

"ते अजून ठरायचंय."

पण दिवस मजेचे निघाले. मी तोंडात बसलो की खांब दोनदा दात आवळायची आणि मग तिला जग सोपं वाटायचं. तिची लाथ समोरच्याला लागल्यावरच दिसायची. ती देशात पहिली आली, मग पुन्हा आली, मग तिसऱ्यांदा. गुद्दे मीही खाल्ले, पण इमानदारीनं खाल्ले. एकही दात हलू दिला नाही.

आई मात्र कधी आत येत नसे. हॉलच्या बाहेर, बोळात, पाण्याच्या कूलरशेजारी उभी राहायची आणि गर्दीच्या आवाजावरून अंदाज बांधायची. अंदाज नेहमी चुकायचा, कारण आपली जिंकली तरी लोक ओरडतात आणि समोरची जिंकली तरी ओरडतात. लेक बाहेर आली की तिचं पहिलं वाक्य, "आ कर." दात मोजून झाले की मग निकाल.

तिसऱ्या विजेतेपदानंतर खांबाला एक विचित्र आजार झाला. तिला कंटाळा आला. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती एका दुसऱ्या हॉलमध्ये गेली. तिथं जमिनीवर गाद्या होत्या, एका बाजूला तारेची जाळी होती आणि लोक नुसते मारत नव्हते, तर पकडत, पाडत, लोळवत होते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. तिथं एक बुटकी मुलगी आपल्या दुप्पट वजनाच्या माणसाला चिकटली होती. तो हात झटकत होता, पाय झटकत होता, मुलगी सुटत नव्हती. शेवटी दोघं खाली गेले आणि वर ती होती. तिला सगळे गोचीड म्हणत. ती ते कौतुक समजे.

घरी खांबानं जाहीर केलं, "मी आता ते शिकणार."

आईच्या हातातला चमचा थांबला. "अगं, जे येतंय ते सोडून जे येत नाही ते कशाला?"

"येत नाही म्हणूनच."

 आईनं मला डबीतून काढून, कुठं चीर वगैरे गेली आहे का ते पाहिलं. गेली नव्हती. तिची जरा निराशाच झाली असावी.

नव्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी खांबानं एक लाथ मारली आणि गोचिडीनं ती दोन्ही हातांनी झेलून सोडलीच नाही. दुसऱ्या क्षणी आम्ही छत बघत होतो. खांब आडवा झाला होता.  मला वाटलं, आता ही रडणार. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून हसू आलं, असं की मी बाहेर पडता पडता राहिलो.

"परत कर," ती गोचिडीला म्हणाली. "हे कसं केलंस? परत कर."

शिकताना गमती झाल्या. या खेळात हार मानायची असेल तर समोरच्याच्या अंगावर हातानं थापा मारायच्या. तिथल्या प्रशिक्षक सरांनी हे सांगितलं होतं. खांब विसरली. एकदा गोचिडीची मान तिच्या काखेत चुकून नीट अडकली आणि गोचीड तिच्या पाठीवर थापा मारू लागली. खांबाला वाटलं, शाबासकी. तिनं आनंदानं आणखी आवळलं. सरांनी धावत येऊन सोडवलं.

गोचीड लालबुंद होऊन म्हणाली, "बाई, मी तुझी पाठ थोपटत नव्हते. जीव मागत होते."

"अगं, मला वाटलं छान जमतंय."

"छानच जमत होतं. तेच सांगतेय."

पण एक गोष्ट जमेना, आणि तिच्यात मी होतो. गोचीड छातीचा सगळा भार तोंडावर टाकून बसली की खांबाला वाटे, श्वास संपला. उभ्यानं कितीही मार खाणारी ही बाई खाली गेली की बुडणाऱ्या माणसासारखी करी. आणि दरवेळी पहिलं काय करी, तर मला थुंकून टाकी. मी गादीवर, लाळेत, पालथा. कुणीतरी म्हणे, "अरे, बघून, पाय पडेल." अपमानाचं सोडा हो. पण ज्याला राखायला ठेवलंय त्यालाच आपला जाच होत असेल, तर आपण राखण करतोय की अडचण, हा प्रश्न पडला की मला रात्री डबीत झोप येईना.

नव्या खेळातली तिची पहिली लढत आली. जाळीचं दार बंद झालं, समोरचीनं तिला खाली नेलं आणि खांबानं मला थुंकलं. पंचांनी मला उचलून धुवायला दिलं आणि ताकीद दिली. पुढच्या फेरीत तिनं पुन्हा थुंकलं. गुण कापला, मग लढत गेली.

सर ओरडले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "हरलीस त्याचं काही नाही. पण खाली गेलीस की तू घाबरतेस. ज्याला खाली श्वास सापडत नाही त्याला मी जाळीत सोडत नाही, जिवावर बेततं. पुढच्या लढतीत हे झालं तर इथलं बंद. तुझं किकबॉक्सिंग आहेच की."

आहेच. तेच तर तिला नको होतं. पोहायला शिकायला आलेल्या मुलाला घरच्या घंगाळात आंघोळ कर म्हणावं, तसं तिचं तोंड झालं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माझ्या जन्मस्थानी, टेबलावर. आईनं मला उजेडात फिरवून पाहिलं. "मागं टाळूला लागत असणार. जाड झालाय." तिनं कात्री घेतली. एक काप घेतला. खांबानं मला तोंडात घालून पाहिलं, मान हलवली. आणखी एक काप. पुन्हा मान हलली. तिसऱ्या वेळी कात्री माझ्या दाढांवरच्या पट्टीपाशी येऊन थांबली.

"ही काढू?"

"काढ."

"पण दात..."

"आई, दात आहेत गं. श्वास नाहीये."

आईनं पट्टी काढली. कडा दिव्यावर फिरवून गुळगुळीत केल्या. मी हलका झालो, आणि खरं सांगतो, मला फार उघडं उघडं वाटलं. जाडी गेल्यावर माझ्यात उरलं काय?

त्यानं थोडा फरक पडला. पूर्वी लगेच थुंकायची, आता जरा थांबून थुंकायची. लढत तोंडावर आलेली आणि सर रोज बघत उभे.

अशात एका दुपारी खांब सरावाला जाता जाता आईचा विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात आली. माझ्या डबीला हवेसाठी भोकं आहेत, त्यातून मी पाहिलं. खुर्चीत एक आजोबा होते. कवळीचं माप घेणं चाललं होतं. तोंडभर ओला लगदा, डोळे बाहेर आलेले, हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"आजोबा, नाकातून 'म्म' करा. भुंग्यासारखं. हां. थांबायचं नाही."

आजोबा "म्म" करू लागले. आईही त्यांच्याबरोबर "म्म" करू लागली. सवयीनं डॉक्टरही करू लागले. त्या खोलीत तीन भुंगे झाले. आणि आजोबांची बोटं हळूहळू खुर्चीवरून सुटली.

"हे कशाला?" खांबानं विचारलं.

"अगं, तोंड भरलं की माणसाला वाटतं जीव चालला. 'म्म' करायला श्वास बाहेर सोडावा लागतो. सोडला की आत आपला आपण येतो. आणि गुणगुणणारा माणूस घाबरलेला नसतो." तिनं आजोबांचा खांदा थोपटला. "निदान त्याला तसं वाटतं. तेवढं पुरतं."

खांबानं डबा टेकवला आणि तिथंच मला डबीतून काढून तोंडात घातलं. "म्म," ती म्हणाली. माझ्या अंगभर मुंग्या आल्या. इतकी वर्षं तिच्या तोंडात काढली, पण हे मला नवीन होतं.

संध्याकाळी गोचीड नेहमीप्रमाणे वर बसली आणि थोड्या वेळानं ओरडली, "सर, ही गुणगुणतेय."

"काय?"

"माझ्याखाली. गुणगुणतेय. खांबात भुंगा शिरलाय."

"थुंकली का?"

"नाही."

"मग गुणगुणू दे. तू तुझं काम कर."

आणि लढतीचा दिवस आला. समोरची दारासारखी रुंद होती. पहिल्याच फेरीत ती दार लावल्यासारखी आमच्यावर पडली. अंधार झाला. खांबाचा जबडा सैल पडला, जीभ माझ्या मागं आली. हा ढकलण्याचा इशारा मी चांगला ओळखतो. मी दातांना शक्य तेवढा चिकटून राहिलो, पण निर्णय माझा नव्हता.

मग माझ्या कडेपासून थरथर सुरू झाली. म्म.

रुंद बाई क्षणभर थांबली. आपल्या छातीखाली काय वाजतंय हे तिला कळेना. तिनं आणखी भार टाकला. म्म. फेरी संपली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच, ती वर, आम्ही खाली, आणि आम्ही तिथं जणू राहायलाच आलो होतो. न घाबरणाऱ्या माणसाला दाबून धरणं फार दमवणारं काम असतं. तिसऱ्या फेरीत तिचा हात सैल पडला, खांबानं कंबर फिरवली आणि छत बघण्याची पाळी समोरचीवर आली. तिची मान काखेत धरून, ती थापा मारेपर्यंत खांब तिच्यावरून हलली नाही. हे ती गोचिडीकडून शिकली होती.

पंचांनी तिचा हात वर केला. सर टाळ्या वाजवायचं सोडून नुसते बोटानं स्वतःच्या दातांकडे दाखवत हसत होते. खांब जाळीतून निघाली ती थेट बोळाकडे पळाली, गोचीड मागोमाग.

आई कूलरला टेकून उभी होती.

"हुंग्ये आयी," खांब म्हणाली. "आई, हुंग्ये आयी."

आईचा चेहरा उतरला. "हुंगलं नाही? काय हुंगलं नाहीस? नाकाला लागलं का?"

"हुंग्ये आयी गं."

गोचीड धापा टाकत पोहोचली. "काकू, ती म्हणतेय, थुंकले नाही."

"बरं. आणि जिंकली का?"

"ते पण."

तेव्हा कुठं खांबाच्या लक्षात आलं की मी अजून तोंडातच आहे. पूर्वी श्वास गेला की मला टाकणारी ही, आज मला काढायला विसरली होती. माझ्यासारख्याला याहून मोठा पुरस्कार कोण देणार?

त्यानंतर आम्ही बऱ्याच वेळा जाळीच्या दारातून आत गेलो. कधी हरलो, जास्त वेळा जिंकलो. आता माझी डावी बाजू चावून चावून आरपार झाली आहे. आईनं माझ्या जागी नवा केला आहे, निळाच, आणि पहिल्यापासून पातळ. मला फेकलेलं नाही. मी टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांशेजारी असतो आणि नव्या कवळ्यांना धीर देतो.

लढतीला मात्र अजून जातो, आईच्या पर्समधून. हो, ती आता आत येऊन खुर्चीवर बसते. डोळे मिटलेले असतात, पण बसते. आणि लेक खाली गेली की तिच्याही नकळत तिचं 'म्म' सुरू होतं. परवा शेजारचे गृहस्थ तिला म्हणाले, "बाई, तुमचा फोन थरथरतोय बहुतेक."

तर एवढीच विनंती. कधी तिच्या शेजारी बसायचा योग आला, तर फोन शोधू नका. जमल्यास तुम्हीही सूर धरा.